भिंतीआडचं आधी

पत्र

आमचं घर ३१ वर्षांचं झालं. या काळात दोनदा रंग काढला, एकदा गीझर बदलला. त्यापलीकडे काही केलं नाही. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते, पोपडे पडतात. ओट्याखालच्या कपाटांची दारं फुगलीत. बैठकीकडे तर बघवत नाही. फरशी निस्तेज, स्विचबोर्ड पिवळे पडलेले, सोफ्यामागचा रंग उडालेला. कोणी येणार म्हटलं की मला आधी भिंतीची लाज वाटते, म्हणून बैठकीपासूनच सुरुवात करावी असं मनात आहे. यजमान ३ वर्षांनी निवृत्त होतील. ते म्हणतात, तेव्हा वेळच वेळ असेल, तोवर थांबू. मुलगी दुसऱ्या गावी असते. ती रोज फोटो पाठवते आणि म्हणते, करायचं तर सगळं घर एकदम करून टाका. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, आमच्याजवळच असतात. त्यांना धूळ, ठोकाठोक सोसेल का, ही वेगळीच काळजी. कधी करावं, कुठून करावं आणि सगळं एकदम की थोडं थोडं?
– एक वाचक

उत्तर

ताई,

बैठकीबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय आणि ओल आलेल्या भिंतीला अर्धी ओळ दिलीय. मी मात्र त्या अर्ध्या ओळीपाशीच थांबले. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या भिंतीपासून सुरू होतात, म्हणून आधी माझं मत स्पष्ट सांगते. ओल, पाण्याचे पाइप, वायरिंग आणि बाथरूम ही कामं पुढच्या कोरड्या ऋतूत उरकून घ्या. स्वयंपाकघरातली कपाटं त्यानंतर साधारण वर्षभरानं करा. बैठक सगळ्यात शेवटी, आणि ती हवी तर यजमानांच्या निवृत्तीनंतर अगदी सावकाश. तुमच्या मनातला क्रम याच्या बरोबर उलटा आहे, याची मला कल्पना आहे. का उलटा करायचा, ते सांगते.

घर ३१ वर्षांचं झालं असं आपण म्हणतो खरं, पण घरातली प्रत्येक वस्तू आपापल्या वयानं म्हातारी होते. आतला रंग साधारण ५ ते १० वर्षं चांगला दिसतो. टाकीचा गीझर १० ते १५ वर्षांत थकतो. नळ आणि मिक्सर १५ ते २० वर्षं निभावतात. सिंकच्या आणि बेसिनच्या कडेला भरलेलं सिलिकॉन त्याच्या कितीतरी आधी काळं पडून सुटायला लागतं. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप ४०-५० वर्षं टिकतात असं धरतात, पण पाणी जड असेल तर त्याआधीच आतून गंज आणि क्षार साचून त्यांचं तोंड बारीक होतं. याउलट दगडी फरशी, भरीव लाकडाची दारं आणि चौकटी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगतील. म्हणजे तुमच्या घरातलं काही संपलंय, काही संपत आलंय आणि काही अजून ऐन भरात आहे. एक वही घ्या आणि एका सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून खोलीखोलीतून फिरा. दिसायला कसं आहे ते त्या दिवशी लिहू नका. पाणी कुठे झिरपतं, काय गरम होतं, काय हलतं, काय उघडत नाही, एवढंच लिहा. यजमानांचं ‘अजून काय वाईट आहे?’ आणि तुमचं ‘सगळंच वाईट आहे’, दोन्ही त्या वहीतून बरंच खाली उतरेल.

आता ती भिंत. ओल आली की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वर ‘वॉटरप्रूफ’ रंगाचे दोन हात द्यायचे. कृपा करून हे करू नका. पाणी मागून येत असेल आणि पुढची बाजू तुम्ही बंद केली, तर ते भिंतीतच कोंडतं आणि जिथे वाट मिळेल तिथून, म्हणजे चौकटीच्या लाकडातून किंवा स्विचबोर्डाच्या डब्यातून, बाहेर पडतं. भिंतीतला चुना-सिमेंटातला क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो, पाणी उडून जातं आणि क्षाराचे पांढरे कण मागे राहून रंगाला आतून ढकलतात. पोपडे पडतात ते त्यामुळे. म्हणजे पोपडा हा रंगाचा दोष नाही, आत पाणी येतंय याची ती खबर आहे.

पाणी कुठून येतंय हे तोडफोड करण्याआधी बरंचसं कळू शकतं. रात्री झोपताना सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. मीटर नसेल तर टाकीतल्या पाण्याची पातळी खूण करून ठेवा. रात्री कोणी पाणी वापरलं नाही आणि सकाळी आकडा पुढे गेलेला असेल, तर भरल्या पाण्याचा पाइप किंवा फ्लशची टाकी गळतेय. आकडा तसाच असेल, तर संशय सांडपाण्याच्या वाटेवर, न्हाणी ट्रॅपवर, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडावर, आणि टाइल्सच्या सांध्यांवर जातो. एक नाणं घेऊन बाथरूममधल्या टाइल्सवर ठिकठिकाणी हलकेच वाजवून बघा. घट्ट बसलेली टाइल टणक, बंद आवाज देते. सुटलेली टाइल पोकळ वाजते. न्हाणीच्या कोपऱ्यातल्या चार-पाच टाइल्स पोकळ वाजल्या, तर त्यांच्याखाली पाणी फिरत असण्याची दाट शक्यता आहे. आणि एखाद्या दुसऱ्या भिंतीवर नुसता दमटपणा वाटत असेल, तर तिथे हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली. समोरच्या बाजूला आले तर ती खोलीतल्या हवेतली. मग काम गवंड्याचं नाही, खिडकी उघडण्याचं आणि पंख्याचं आहे.

तुमचं घर फार जुन्या धाटणीचं, चुन्याच्या गिलाव्याचं नसावं असा माझा अंदाज आहे, पण हे वाचणाऱ्या कोणाचं असेल तर एक सांगून ठेवते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवू नका. चुना आतला दमटपणा बाहेर सोडत राहतो, सिमेंट ती वाट बंद करतं. अशा भिंतीला चुन्याचंच काम जाणणारा माणूस शोधा, वेळ लागला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट याच फेरीत बघा. छताकडे, म्हणजे स्लॅबच्या खालच्या अंगाकडे आणि तुळयांकडे मान वर करून नीट बघा. सरळ रेषेत गेलेली भेग, तपकिरी डाग, फुगून सुटलेला गिलावा दिसला तर आतल्या सळ्या गंजत असू शकतात. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, म्हणून ते वरचं काँक्रीट फोडतं. असं काही दिसलं तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सुतार नको, इंटिरिअरवाला नको. खोल्या मोठ्या करायला एखादी भिंत काढायचा विचार असेल तरीही आधी त्याच माणसाला विचारायचं.

पाण्यानंतर वीज. पिवळे पडलेले स्विचबोर्ड तुम्हाला दिसायला खुपतात, मला ते वेगळ्या कारणानं खुपतात. ३१ वर्षांपूर्वी ज्या वायर टाकल्या त्या दिवे, पंखे, फ्रिज आणि फार तर एका गीझरच्या हिशेबानं. आज त्याच वायरवर एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, इंडक्शन आणि चार-चार चार्जर आहेत. गीझर अर्धा तास चालू ठेवून त्याच्या स्विचच्या प्लेटला कोरड्या हाताची मागची बाजू लावून बघा. प्लेट कोमट लागली तर आत जोड सैल झालाय किंवा वायर कमी पडतेय. मोटर सुरू होताना दिवे मंद होणं, बोर्डातून जळका वास येणं, एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच, वरचेवर पडणं, ही सगळी त्याच आजाराची लक्षणं. एमसीबी पडतो म्हणून कोणी मोठ्या क्षमतेचा बसवून देतो म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. एमसीबी वायरीला जपण्यासाठी असतो. तो मोठा केला की वायर तापून वितळेपर्यंत तो गप्प बसून राहील.

इलेक्ट्रिशियनकडून दोन गोष्टी लेखी मागा. एक, मेगर टेस्ट. यात ५०० व्होल्ट देऊन वायरच्या आवरणाचा विरोध मोजतात आणि घरगुती वायरिंगला तो निदान १ मेगाओम यायला हवा. कमी आला तर आवरण थकलंय, मग चर्चा संपली, वायर बदलायची. दुसरी गोष्ट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. ओल्या हातानं शॉक बसला तर सेकंदाच्या काही दशांशांत तो वीज तोडतो. घरात वृद्ध माणूस आहे आणि बाथरूमच्या भिंतीत ओल आहे, तेव्हा हा खर्च उधळपट्टी वाटला तरी हे काम आधी करायचं. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. ते दर दोन-तीन महिन्यांनी दाबून बघायचं. वीज गेली पाहिजे.

आता तुमच्या ‘एकदम की थोडं थोडं’ या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर पाइप आणि वायरमध्येच आहे. भिंतीच्या आतलं काम संपूर्ण घराचं एकदम करा, भिंतीच्या बाहेरचं थोडं थोडं. झिऱ्या मारणं, म्हणजे भिंतीत चर पाडणं, पाइप आणि कंड्युट, म्हणजे वायरींच्या नळ्या, टाकणं, गिलावा भरणं हे घाण काम आहे. ते एकदाच व्हावं. यंदा बाथरूमपुरतं केलं आणि पुढच्या वर्षी नव्या कपाटांसाठी स्वयंपाकघराची भिंत फोडली, तर पलीकडच्या बाथरूमच्या नव्या टाइल्सना हादरे बसणार. म्हणून स्वयंपाकघरात पुढे सिंक कुठे असेल, फ्रिज कुठे, ओट्यावर किती सॉकेट हवेत, हे आत्ताच ठरवून त्या जागी पॉइंट काढून ठेवा. बैठकीतही तसंच. टीव्हीची जागा, वाचायच्या खुर्चीजवळचा दिवा, एसीचा पॉइंट. सध्या त्यावर नुसत्या कोऱ्या प्लेटा बसवा. मुलगी म्हणते ते इतपत खरं आहे. सगळं एकदम करण्यातली अडचण ही की फर्निचर, टाइल्स, पडदे, दिवे यांचे शेकडो निर्णय एकाच महिन्यात घ्यावे लागतात. दमलेला माणूस दुकानदार दाखवेल ते घेऊन मोकळा होतो आणि मग ते १५ वर्षं बघत राहतो.

बैठकीला मी वाऱ्यावर सोडत नाहीये. भिंतीतलं काम झालं आणि गिलावा वाळला की बैठकीला एक साधा, हलका रंग काढून घ्या. फार खर्चाचा नको. स्विचबोर्ड तर वायरिंगमध्ये नवे होतीलच. तेवढ्यानंच खोली उजळेल आणि दारात कोणी आलं तर तुम्हाला संकोच वाटणार नाही. निस्तेज फरशी दगडाची किंवा मोझॅकची असेल तर ती उखडू नका, घासून पॉलिश करून घ्या. जुना भरीव दगड घासल्यावर जसा उजळतो, ते पाहून पुष्कळ जणांनी नव्या टाइल्सचा बेत रद्द केलाय. लाकडी कपाट असेल तर तेही सुताराला दाखवल्याशिवाय काढू नका. बिजागऱ्या आणि पॉलिश बदलून ते पुढची ३० वर्षं जाईल. आज नवं घ्याल ते बहुधा तेवढं जाणार नाही.

यजमान थांबू म्हणतात त्यामागे मला आळस दिसत नाही. काम आपल्या डोळ्यांसमोर व्हावं असं त्यांना वाटतंय आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याशी बोलताना एक मुद्दा मांडून बघा. जुनं घर उघडल्यावर आत काय निघेल याचा भरवसा नसतो. हा अनिश्चित खर्च पगार चालू असताना पेलणं सोपं, निवृत्तीनंतर जड. बैठकीचं, पडद्यांचं, सोफ्याचं तसं नाही. त्याचा आकडा आधी कळतो, मनाला येईल तेव्हा पुढे ढकलता येतं. म्हणून बेभरवशाचं आत्ता आणि हिशेबातलं नंतर. राहिली देखरेख. त्यासाठी रोज घरी बसायची गरज नाही. मोजक्या दिवशी मात्र त्यांनी रजा काढून हजर राहावं. पाइप बंद करण्याआधी त्यात दाब भरून तपासतात तो दिवस, वायरी ओढून झाल्यावर झिऱ्या बुजवण्याआधीचा दिवस, आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून ठेवायचे दिवस.

या शेवटच्या गोष्टीवर हट्ट धरा. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूमच्या जमिनीवर बोट-दोन बोट पाणी २४ ते ४८ तास भरून ठेवतात. पातळीची खूण करायची, बाहेरची भिंत आणि खालचं छत तपासायचं. सगळं कोरडं राहिलं तरच टाइल्स. मिस्त्री म्हणेल, ‘एवढी गरज नाही, आम्ही शेकडो बाथरूम केलेत.’ त्यानं केले असतीलच, पण गळती सहा महिन्यांनी सुरू होते तेव्हा तो तिथे नसतो. वॉटरप्रूफिंग जमिनीपुरतं नको, भिंतीवर निदान वीतभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत चढवून घ्या. तुमची ओल बाहेरच्या भिंतीला आहे, तेव्हा हे तुम्हाला विशेष लागू आहे. आणि जमिनीला ट्रॅपकडे उतार मीटरला १ ते २ सेंटिमीटर. टाइल्स बसल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. कोपऱ्यात तळं साचलं तर काम परत.

सासूबाईंबद्दल. तुम्ही त्यांचा विचार अडचण म्हणून केलाय, त्यांना सोसेल का असा. मी म्हणेन, हे बाथरूम त्यांच्यासाठीच होतंय असं धरून चाला. पडणं हे म्हातारपणातल्या दुखापतींचं मोठं कारण आहे आणि ओलं बाथरूम ही त्यातली हमखास जागा. काही मापं सांगते. कमोडची बैठक जमिनीपासून ४३ ते ४८ सेंटिमीटर उंच असली की गुडघ्यावर कमी ताण देऊन उठता येतं. आधाराचा दांडा ८४ ते ९१ सेंटिमीटर उंचीवर, आणि तो साधारण ११० किलोचा झटका सोसेल असा भिंतीत पक्का बसवलेला. टॉवेलचा दांडा आधारासाठी नसतो, पण घसरताना हात त्यालाच जातो, म्हणून तो आधाराच्या दांड्यापासून लांब ठेवा. माप पुस्तकातून घेण्याआधी सासूबाईंना एका खुर्चीवर तिथे बसवा आणि म्हणा, ‘आई, उठून दाखवा बरं.’ उठताना त्यांचा हात भिंतीवर जिथे टेकेल तिथे पेन्सिलीनं खूण करा. दांडा त्या खुणेशी जुळला पाहिजे. टाइल्स खरखरीत, निसरड्या न होणाऱ्या घ्या. खोक्यावर आर-१० किंवा आर-११ असा घसरण रोखण्याचा दर्जा लिहिलेला असतो, बाथरूमला त्याच्या खाली उतरू नका. दाराशी उंबरा नको. दार बाहेर उघडणारं करता आलं तर कराच, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं आणि मदतीला जाता येत नाही. दाराची मोकळी रुंदी ८० सेंटिमीटर मिळाली तर उद्या वॉकर किंवा चाकाची खुर्चीही जाईल. भिंत उघडीच आहे तेव्हा चौकट रुंद करणं आत्ता फारसं जड नाही. पुढे करायचं तर सगळं पुन्हा फोडावं लागेल.

गीझरचं पाणी ६० अंशांचं असेल तर ते अंगावर पाच-सहा सेकंद पडलं तरी भाजतं. म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ, हात नळापर्यंत जायला वेळ लागतो. गरम-थंड पाणी आपोआप ठरावीक तापमानाला मिसळून देणारा मिक्सर मिळतो, शॉवरला तो बसवा. आणि उजेड. साठीच्या माणसाच्या डोळ्यांच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. ७९व्या वर्षी त्याहून कमी. तुम्हाला बाथरूम लख्ख वाटतं तेव्हा सासूबाईंना ते संध्याकाळसारखं दिसत असतं. एका रात्री दिवे बंद करून त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत तुम्ही स्वतः चालून बघा, हात कुठे लागतो, पाय कुठे अडतो, पहिला स्विच किती पावलांवर आहे. वायरिंगचा नकाशा काढायला बसाल तेव्हा या वाटेवर पलंगाशी एक स्विच आणि पावलांच्या उंचीवर मंद, पिवळसर दिवे मागा. पांढराशुभ्र झगझगीत दिवा रात्री डोळ्यांवर येतो. २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला घ्या.

तोडफोडीच्या दिवसांत त्यांनी घरात नसलेलं बरं. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोरडा रंग घासला की त्याची बारीक धूळ सगळीकडे बसते. रंगाऱ्याला सांगा, जुना रंग पाणी मारून ओला करूनच खरवडायचा. जुन्या पत्र्यांत, पाइपच्या वेष्टनात किंवा फरशीच्या तक्त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असल्याची शंका असली तर ते स्वतः फोडू नका, कापू नका, जाणकाराकडूनच काढून घ्या. नव्या प्लाय आणि फळ्यांतून फॉर्मल्डिहाइड येतो, म्हणून कमी उत्सर्जनाची, ई-१ किंवा त्याहून चांगल्या दर्जाची फळी मागा आणि खोली काही दिवस उघडी ठेवा. सासूबाई कुठे राहतील हे मात्र तुम्ही दोघांनी परस्पर ठरवू नका. त्यांना विचारा. मुलीकडे काही दिवस जायला कदाचित त्या तुमच्या कल्पनेपेक्षा खुशीनं तयार होतील. नाहीच म्हणाल्या तर कामापासून सगळ्यात लांबची खोली त्यांना द्या, दाराला प्लास्टिकचा पडदा लावा, आणि त्यांच्या पलंगाची, औषधांच्या टेबलाची जागा आहे तशीच ठेवा. वय झालं की हाताला सवयीचं सापडणं फार मोलाचं असतं.

स्वयंपाकघराला मी वर्षभर थांबा म्हटलं, पण फुगलेल्या दारांचं कारण आत्ताच शोधा. बहुतेक वेळा सिंकच्या कडेचं सिलिकॉन सुटलेलं असतं किंवा खालचा पाइप ठिबकत असतो. ते बंद न करता कितीही महाग कपाट बसवलं तरी फुगणारच. या वर्षभरात आपण ओट्याशी कसं वावरतो ते बघत राहा. रोज कोणतं कपाट दहा वेळा उघडतं, कोणतं महिन्यातून एकदाही नाही. ओट्याची उंची काम करणाऱ्याच्या कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली हवी. तयार मापावर जाऊ नका, तुमचं कोपर मोजा. खाली शक्यतो ओढायचे ड्रॉवर करा, वाकून आत डोकं घालायची कपाटं नकोत. आणखी १० वर्षांनी तुमचीही पाठ त्यासाठी आभार मानेल. मुलीचे फोटो तेव्हा उपयोगी पडतील. तोवर तिच्यावर दुसरं काम सोपवा. तीन कंत्राटदारांची कोटेशनं ती शेजारी शेजारी मांडून बघू दे. तिघांनाही एकच लेखी यादी द्या, पाइप कोणता, वायर किती जाडीची, वॉटरप्रूफिंगचे थर किती, राडारोडा कोण उचलणार. यादी एक नसेल तर स्वस्त-महाग कळतच नाही.

खर्चाचा आकडा ठरला की त्यातले १५ ते २० टक्के बाजूला काढून ठेवा आणि ते नाहीतच असं समजा. तीन दशकांच्या घरात ते लागतातच. पैसे कामाच्या टप्प्यानं द्या, आगाऊ थोडेच, आणि शेवटचा दहावा हिस्सा सगळे नळ, उतार, स्विच तपासून झाल्यावर. घाई दोन ठिकाणी करू देऊ नका. नव्या गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारलं गेलं पाहिजे, आणि रंग लावण्याआधी तो साधारण ४ आठवडे वाळू द्यायचा. ओली भिंत तर बाथरूम दुरुस्त झाल्यावरही काही महिने आतून वाळत राहील. तिला सगळ्यात शेवटी रंगवा. मधल्या काळात ती तशीच कळाहीन दिसेल, दिसू दे.

झिऱ्या बुजवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला टेकवून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते फोटोतच वाचता येईल. पुढे एखादा खिळा ठोकायचा झाला तरी ते लागतील. टाइल्सचं एक खोकं जास्तीचं घेऊन ठेवा, कारण तीच छटा दोन वर्षांनी मिळत नाही. रंगाचे क्रमांक, मिक्सरची पावती, कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा याची चिठ्ठी, हे सगळं त्याच वहीत चिकटवा. यजमानांचं अक्षर चांगलं असेल तर ती चिठ्ठी त्यांच्याकडून लिहून घ्या आणि एक प्रत डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीच्या, झाकणाच्या आतल्या बाजूला लावा.